चंद्राक्काला विचारलं होतं का

"कोरडे, भंडारा कोर्टात पुरावा म्हणून दाखल करता येत नाही," शिंगटे वकील म्हणाले. चिडून नाही म्हणाले. ढ पोराला तिसऱ्यांदा तीच बेरीज समजावणारा मास्तर बोलतो, तसं म्हणाले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, खुर्चीच्या कडेला टेकून बसले होते. एसटीच्या वर्कशॉपात उभा जन्म काढलेल्या त्या माणसाला अख्खी खुर्ची कधी वापरताच आली नाही. शेजारी आई बसली होती आणि दाराला टेकून मी उभी होते. मी तेव्हा फलटणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. दुसऱ्या दिवशी अण्णांची कोर्टात साक्ष होती आणि आमचं घर राहतंय की जातंय ते त्या साक्षीवर ठरणार होतं.

"परत एकदा सांगतो," वकील म्हणाले. "घर मूळचं सोपानरावांच्या वडिलांचं. ते वारले तेव्हा घर दोघांचं झालं, सोपानरावांचं आणि त्यांच्या बहिणीचं, चंद्राबाईंचं. तुम्ही घेतलं एकट्या सोपानरावांकडून. बहिणीची सही नाही. आता बहीण अर्धं मागते. तीन खोल्यांचं अर्धं करता येत नाही, म्हणजे घर विकून पैसे वाटायचे. बरोबर?"

"त्यांनी बेलभंडारा उचलला होता," अण्णा म्हणाले.

"ते झालं हो. तुम्ही बहिणीला विचारलं होतं का?"

"भंडारा उचलल्यावर काय विचारायचं?"

शिंगटे वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आईकडे बघितलं. आईने खाली बघितलं. तिला जे बोलायचं होतं ते ती अकरा वर्षांपूर्वीच बोलून बसली होती.

तेव्हा मी शाळेत होते, पण ती संध्याकाळ मला लख्ख आठवते, कारण त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा 'आपलं घर' हा शब्द उच्चारला गेला. सोपानराव भोईटे म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ. पेठेत कापडाचं दुकान, बोलणं मधाळ, आणि आमच्यासारखंच पालीच्या खंडोबाचं कुळ. ते घर विकायला काढतायत म्हटल्यावर अण्णा हुरळून गेले. आई मात्र म्हणाली, "घ्यायचं तर घेऊ, पण आमच्या भाऊंच्या ओळखीचे एक वकील आहेत. त्यांना एकदा कागद दाखवा."

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," अण्णा म्हणाले. ही म्हण त्यांची फार लाडकी.

"ती चढायला लागू नये म्हणूनच दाखवायचे."

"अगं, वकील लावला म्हणजे सोपानरावांना चोर म्हटल्यासारखं झालं. एका देवाची माणसं आपण. उद्या यात्रेत तोंड कसं दाखवायचं त्यांना?"

सोपानरावांच्या कानावर हे कसं गेलं कोण जाणे. त्याच रविवारी ते आमच्या भाड्याच्या खोलीत आले, देवापुढे बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या मनात शंका नको." तळहातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर चिमूटभर भंडारा घेतला, मूठ मिटून कपाळाला लावली आणि म्हणाले, "या घरावर माझ्याशिवाय कुणाचा हक्क नाही. खोटं असलं तर खंडेराया मला बघून घेईल." झालं. आमच्याकडे बेलभंडारा उचलला की त्यापुढे प्रश्न नसतो. त्यानंतर चौकशी करणं म्हणजे माणसावर नाही, देवावर अविश्वास. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने चहा टाकला. ती त्यानंतर या विषयावर एक अक्षर बोलली नाही.

खरेदीखत लिहिणाऱ्या कारकुनानेसुद्धा विचारलं होतं, "बहीण-बिहीण आहे का?" सोपानराव म्हणाले होते, "आहे, माणदेशात दिली. तिचं काही नाही." तो लिहून मोकळा झाला. चार घरं ओलांडून वकिलाकडे गेलो असतो तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता, आणि उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं असतं. पण आम्ही पडलो भाविक. आमचा प्रश्न देवाने परस्पर सोडवला होता.

आता देवाने सोडवलेला तो प्रश्न शिंगटे वकिलांच्या टेबलावर येऊन पडला होता.

"हे बघा," वकील म्हणाले, "तुम्हाला खोटं बोला असं मी सांगणार नाही. कायदा काय म्हणतो तेवढं सांगतो. घेणाऱ्याने नीट चौकशी केली असेल, बहिणीने 'भाऊ विकतोय तर विकू दे' असं म्हटलं असेल, तर आपल्याला भांडायला जागा आहे. म्हातारी आजवर एकदाही कोर्टात आलेली नाही. मुलाला मुखत्यारपत्र दिलंय, तोच साक्ष देऊन गेला. आईला कुणी विचारलं नाही, असं तो म्हणतो. पण त्याने ते आईकडूनच ऐकलेलं. तुम्ही स्वतः जाऊन विचारलं असेल तर ते खोडायला समोर कोणी नाही." मग चष्मा लावत म्हणाले, "मी उद्या तुम्हाला एकच विचारीन. चंद्राबाईंना विचारलं होतं का? उत्तर तुमचं तुम्ही द्या."

अण्णांनी उठून नमस्कार केला.

घरी आल्यावर आईने भाकरी टाकल्या. अण्णा पाटावर बसले आणि ताटाकडे नुसते बघत राहिले. ते घर त्यांनी हाताने उभं केल्यासारखं जपलं होतं. छताचे पत्रे स्वतः बदलले, मोरी स्वतः बांधली, सुट्टीच्या दिवशी भिंतींना चुना स्वतः लावला. वर्कशॉपातले लोक चेष्टेने म्हणत, कोरडे गाडीपेक्षा घराचं ऑइलिंग जास्त करतात. आयुष्यभर दुसऱ्याच्या छपराखाली राहिलेल्या माणसाचं ते वेड होतं, आणि मला त्या वेडाची फार माया वाटायची.

"ते म्हणाले ते ऐकलंस ना?" अण्णांनी आईला विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "सोपानरावांनी खोटा भंडारा उचलला. काय झालं त्यांना? दुसरा मजला चढवला. नातवंडं खेळवली. रात्री पोटभर जेवून झोपले ते सकाळी उठले नाहीत. असं मरण भल्याभल्यांना येत नाही."

"असं बोलू नये."

"मग काय बोलू? खऱ्याने राहिलात तुम्ही. घर कुणाचं चाललंय? पोरीचं लग्न तोंडावर आलंय. उद्या कुणी बघायला आलं तर त्यांना काय कोर्टाच्या कट्ट्यावर बसवायचं?"

अण्णांनी ताट बाजूला सारलं. जेवले नाहीत. आई तशी कठोर बाई नव्हती. त्या अकरा वर्षांत एकदाही ती 'मी सांगत होते' म्हणाली नाही, आणि त्या रात्रीही म्हणाली नाही. पण तिने जे सांगितलं ते त्याहून वाईट होतं, कारण ते खरं होतं. सोपानरावांना देवाने बघून घेतलं नव्हतं. ही गोष्ट अण्णांना कितीतरी वर्षं माहीत होती, फक्त त्यांच्यासमोर मोठ्याने कोणी म्हटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोर्टात लवकरच पोहोचलो. व्हरांड्यातल्या बाकावर जागा नव्हती. आई आत गेली, मी दाराजवळ उभी राहिले. थोड्या वेळाने चंद्राबाईंचा मुलगा तानाजी आला. त्याला मी आधीच्या तारखांना बघितलं होतं, ओठावर पातळ मिशी आणि कायम घाईत. आज त्याच्यामागून एक म्हातारी हळूहळू येत होती. हिरवं इरकल नेसलेली, पायात रबरी चपला, हातात पिशवी. तो तिला म्हणाला, "आय, आत बस. म्या वकिलासनी सांगून येतो." ती माझ्या शेजारून आत गेली आणि मागच्या बाकावर बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बस की बाई. का उभी ऱ्हातीस?" मी बसले.

ही चंद्राक्का. ती मला ओळखत नव्हती. मी तिला ओळखलं ते तानाजीच्या 'आय' या हाकेवरून. आणि अण्णा? त्यांनी तिला जन्मात कधी बघितलंच नव्हतं. ते पुढे वकिलांजवळ उभे होते, आमच्याकडे पाठ करून. पुढे जाऊन त्यांना सांगावं म्हणून मी उठलेसुद्धा, पण तेवढ्यात पुकारा झाला आणि ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले.

"ईश्वरासमक्ष शपथ घेऊन सांगतो की खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." अण्णांनी ती वाक्यं शिपायामागोमाग म्हटली. आवाज खणखणीत होता. मला तेव्हा वाटलं, ते खरंच सांगणार. नंतर किती वेळा वाटलं, तसं झालं असतं तर.

नाव, वय, धंदा, खरेदीची तारीख हे सगळं झाल्यावर शिंगटे वकिलांनी विचारलं, "घर घेण्यापूर्वी चंद्राबाईंना विचारलं होतं का?"

अण्णा थांबले. मग ते म्हणाले, "होय. विचारलं होतं."

"कुठे?"

"त्यांच्या गावी गेलो होतो. त्यांच्या दारात बसून विचारलं. त्या म्हणाल्या, माझं काही नाही, भाऊ विकतोय तर विकू दे."

वकिलांनी मागितलं त्याहून अण्णांनी जास्त दिलं. खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाचं हे असंच होतं. तो खोट्या नाण्याला वजन यावं म्हणून शिसं जास्त ओततो. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी पिशवीचा बंद हातात गुंडाळत होती, ती थांबली. तिने मान वर केली आणि पिंजऱ्याकडे नीट बघितलं.

तानाजीच्या वकिलांची उलटतपासणी सुरू झाली. बारीक अंगाचा तरुण माणूस, आवाजही बारीक. "चंद्राबाईंच्या दारात बसलात म्हणता. मग त्यांना ओळखत असाल."

"हो. म्हणजे, पुष्कळ वर्षं झाली."

"बघितलं तर ओळखाल?"

"आता कशा दिसत असतील, कसं सांगता येईल."

"त्या कोर्टात आल्यात. सांगा बरं कोणत्या."

अण्णांनी बाकांवरून नजर फिरवली. त्या दिवशी कोर्टात कुणाकुणाच्या तारखांना आलेल्या चार-पाच म्हाताऱ्या बसलेल्या होत्या. अण्णांची नजर एकीवरून दुसरीवर गेली, मग माझ्यावर आली. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर काय वाचलं कोण जाणे, त्यांनी कुणाकडेच बोट दाखवलं नाही.

"आक्का, उभ्या ऱ्हावा जरा," वकील म्हणाले.

माझ्या शेजारची म्हातारी बाकाचा आधार घेऊन उभी राहिली. न्यायाधीशांनी तिच्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि खाली मान घालून काहीतरी लिहिलं. शिंगटे वकिलांनी हरकत घेतली, इतक्या वर्षांनी ओळख पटत नाही वगैरे. पण त्यांचाही आवाज पडला होता. अण्णांनी कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. पुढच्या प्रश्नांना त्यांनी काय उत्तरं दिली ते मला आठवत नाही. त्यांनाही ती आठवत नव्हती.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर अण्णा खांबाला टेकून उभे राहिले. आईने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी नुसती धरली. तेवढ्यात चंद्राक्का त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तानाजी तिला हाताला धरून ओढत होता. "आय, चल. यष्टी जाईल." तिने हात सोडवून घेतला.

"भाऊ," ती अण्णांना म्हणाली, "माझ्या दाराला कवा आलतास?"

अण्णांनी मान खाली घातली.

"न्हाई, म्या आठिवती हाय. माझ्या दाराला कोन येतं, कोन न्हाई. सोपान्या तर माझा दाल्ला मेला तवा बी आला न्हाई."

"आक्का, चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

"आला असतास तर च्या पाजला असता तुला. 'भाऊ इकतोय, सही दे' म्हनाला असतास तर दिली असती. मला काय करायचंय त्या घराचं? आंगठा तर उठवायचा व्हता कागदावर. साडीचोळी बी मागितली नसती."

आईने मान फिरवली. तिचा हात पदराकडे गेला.

"मग खटला कशाला घातला, आक्का?" मीच विचारलं. माझ्या आवाजात राग होता, आणि तो कोणावर होता ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"पोरानं घातला. सोपान्या मेल्यावर ह्याला कुनी सांगितलं, आज्याच्या घरात आपला वाटा हाय. आंगठा दे म्हनाला, दिला. आपल्यात बाईला कुनी इचारतंय का, बाई? भाऊ इचारत न्हाई, पोरगं इचारत न्हाई." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू ह्याची लेक व्हय? मला वाटलं तसं."

मग परत अण्णांकडे वळली. "आज म्या का आले ठाऊक हाय? ह्यो तानाजी काल म्हनाला, उद्या त्या कोरड्याची साक्ष हाय, त्यांची पोरगी लग्नाची हाय, घर गेलं तर बोंबलत बसतील. म्हनलं, मग कशाला उठवतोस त्यास्नी? मिटवून टाक. न्हाई म्हनाला. म्हनलं, मला गाडीत बसव, म्याच जाऊन जज्जाला सांगती, मला नगं. ह्याच्यासाठनं आले म्या, भाऊ. आयुक्षात पयल्यांदा कोर्टात आले."

तानाजी दुसरीकडे बघत होता. ते खरं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आक्का," अण्णा म्हणाले. त्यांनी हात जोडले होते आणि बाटली दोन हातांत अडकली होती. "आत्ता विचारतो. आत्ता सांगा त्यांना."

चंद्राक्काने त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. मला वाटलं ती हो म्हणेल. तिच्या चेहऱ्यावर दया होती, ती मी बघितली.

"आता न्हाई," ती म्हणाली. "सोपान्यानं देवाची आन घेऊन माझ्या नावानं खोटं सांगितलं. आज तू बी देवाची आन घेतलीस आन माझ्याच नावानं खोटं बोललास. म्या हितं बसलेली आसताना. मला न इचारता दोघं बी माझ्या तोंडानं बोललासा. आता म्या नगं म्हनले, तर तुमचं खोटं खरं व्हईल. तेवढं मला कराय लावू नगा." मग तानाजीला म्हणाली, "चल." आणि ती पायऱ्या उतरून हळूहळू स्टँडकडे निघून गेली.

निकाल वर्षभराने लागला. आमचं घर तिथे त्या व्हरांड्यातच गेलं होतं, नंतर नुसता कागद आला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, प्रतिवादीची साक्ष विश्वासार्ह नाही. 'विश्वासार्ह नाही' हे शब्द शिंगटे वकिलांनी वाचून दाखवले तेव्हा अण्णा मान हलवत राहिले, जणू कुणी त्यांच्याबद्दल नेहमीचीच काही माहिती सांगतंय. घर विकलं गेलं. अर्ध्या पैशात वकिलांचा खर्च, माझं लग्न आणि भाड्याची दोन खोल्यांची जागा एवढंच भागलं. ज्याने घर घेतलं त्याने वकिलामार्फत घेतलं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन, सगळ्यांच्या सह्या घेऊन. त्याला पुढे काही त्रास झाला नाही. आई ते ऐकून म्हणाली, "बरं झालं," आणि खरंच मनापासून म्हणाली.

चंद्राक्का दोन वर्षांनी गेली. तिला वाट्याचे पैसे मिळाले तेव्हा तिने ते बघितलेही नाहीत, असं तानाजीनेच कुणाला तरी सांगितल्याचं आमच्या कानावर आलं.

आणि अण्णा मात्र पुढे कितीतरी वर्षं जगले. मी माहेरी गेले की जेवणं झाल्यावर ते मला जवळ बसवून घ्यायचे आणि विचारायचे, "बाळ, तू तिथे होतीस. ती खरंच हो म्हणाली असती का गं? मी जाऊन विचारलं असतं तर?"

"म्हणाली असती, अण्णा."

मग ते आईकडे बघायचे. आईही म्हणायची, "म्हणाली असती."

एकदा तरी कोणी 'नाही, नसती म्हणाली' असं सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तेवढ्याने त्यांना झोप लागली असती. पण खोटं बोलायची हिंमत आमच्या घरात आता कुणाचीच उरली नव्हती.